पारावर वाचलेला कागद

सरकारी वकिलांनी ते पाकीट न्यायाधीशांच्या पुढ्यात ठेवलं आणि वर आपला हात तसाच ठेवून उभे राहिले. जाड खाकी पाकीट, पाच ठिकाणी लाखेच्या मोहरा. सोबत मुंबईच्या कुणा सचिवांचं प्रतिज्ञापत्र. टेंभखेडचा तलाव फुटला त्याचा २७ ऑगस्ट १९६५ चा चौकशी अहवाल या पाकिटात आहे, तो सरकारचा गोपनीय कागद आहे, तो उघडा पडला तर लोकहिताला बाधा येईल, सबब वादीला तो दाखवू नये, असं त्यात लिहिलं होतं.

वादी म्हणजे कडूबा. आधी तलावाचा चौकीदार होता, आता कुणीच नव्हता. तो बुलढाण्याच्या त्या कोर्टात मागच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता आणि शेजारी त्याची बायको गीताबाई. कामावरून काढल्याविरुद्धचा दावा कडूबाच्या नावाचा असला तरी लढत होती ती ही बाई. वांग्या-मिरचीचा मळा सांभाळून, मेहकरहून पहाटेची एसटी धरून तिनं दोन वर्षांत अठरा हेलपाटे घातले होते. कडूबा प्रत्येक वेळी सोबत यायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "जाऊ दे ना आता."

"लोकहित म्हंजे कोन्या लोकायचं जी?" गीताबाईनं पुढे वाकून वामनराव वकिलांना विचारलं. "आमी लोकात येत नाई काय?"

"थांबा हो बाई," वामनराव म्हणाले. माणूस सरळ होता, पण मुंबईचा शिक्का पाहिला की त्याचा आवाज उतरायचा.

आता तलावाचं सांगायला हवं. पासष्टच्या श्रावणात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टेंभखेडच्या तलावाची पाळ मधोमध फुटली आणि खालचे मळे धुऊन गेले. इंद्रभान नावाचा मळेकरी बैल सोडायला म्हणून खाली गेला होता. तो दुसऱ्या दिवशी दोन कोसांवर बाभळीत अडकलेला सापडला. मोरी वेळेवर उघडली असती तर पाणी निघून गेलं असतं आणि पाळ वाचली असती, हे तर शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग मोरी उघडली का नाही? खात्यानं पंधरा ओळींचा हुकूम काढला: चौकीदार झोपला होता, त्याला कामावरून कमी केलं आहे. झालं. तेव्हापासून गावात कडूबाला कुणी पानसुपारी पुढे करत नव्हतं. लग्नात पंगतीच्या टोकाला बसवायचे. इंद्रभानची बायको सत्यभामाबाई त्याची सावली दिसली तरी पदर ओढून वाट बदलायची.

पण त्या हुकमाच्या आधी एक चौकशी झाली होती, आणि तीच या पाकिटात होती. वरून एक साहेब आला. अंगानं किरकोळ, पण मान ताठ. दोन दिवस पाळीवर फिरला, मोरीत उतरला, खात्याच्या कचेरीतल्या वह्या पाहून आला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, अहवाल लिहून पंचांपुढे ठेवला. म्हणाला, अंगठे करा.

तर पंच म्हणाले, आधी वाचा. टेंभखेडची ही जुनी खोड. कधी काळी कुणा आजोबानं न वाचता अंगठा दिला आणि वावर गेलं म्हणतात. तेव्हापासून गावात कागद आला की आधी मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचायचा, मगच अंगठा. मग तो कागद कोर्टाचा असो, बँकेचा असो, की कुणाच्या जावयाचं पत्र असो. साहेबानं डोक्याला हात लावला, पण वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यात म्हटलं होतं, की मोरीची किल्ली नागपंचमीपासून कचेरीत होती, चौकीदाराकडे नव्हतीच. पाळीतून पाणी झिरपतं अशा तीन वर्द्या चौकीदारानं मास्तराकडून लिहून घेऊन पाठवल्या, त्या तिन्ही आवक वहीत चढल्या, आणि कुणी हलला नाही. चौकीदाराचा दोष नाही.

साहेब गेला. अहवालही गेला. वर कुणाला तरी तो झोंबला असणार. मग लाखेच्या मोहरा आल्या.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. वयस्क गृहस्थ, आवाज बारीक. "हे पाकीट मला स्वतःला फोडून पाहता येणार नाही," ते म्हणाले. "कायदा तसा आहे."

सरकारी वकिलांनी मान डोलावली.

"पण आतला कागद खरोखर राज्याच्या गुप्त कारभाराचा आहे का, हे सचिवांनी ठरवायचं आणि मी ऐकायचं, असंही कायदा म्हणत नाही. ते मीच ठरवायचं आहे. पाकीट न उघडता, बाहेरच्या पुराव्यावरून. वामनराव, हा कागद कसला आहे हे सांगणारं कुणी असेल तर महिन्याभरात आणा. नसेल तर पाकीट सरकारकडे परत जाईल."

बाहेर आल्यावर वामनराव म्हणाले, "गीताबाई, पारावर जे पंच होते ना, त्यांतले दोन जरी आले तरी बास."

पंच. घ्या. गीताबाई आठ दिवस पंचांची दारं झिजवत राहिली. उकंडरावांनी कानात तेल घातलंय, ऐकू येत नाही, असं सांगितलं. पोलीस पाटील रामराव म्हणाले, सरकारी माणसानं सरकारविरुद्ध कसं बोलावं. तिसरे किसनराव, गावात सगळ्यात मोठे जमीनदार. त्यांनी तिला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि गोड आवाजात म्हणाले, "गीताबाई, तुले खरं सांगू? मले त्या दिसचं काहीच आठवत नाई. अन् तुयाच भल्याचं सांगतो, थे पाकीट उघडू नको."

"काऊन जी?"

"बंद हाय थे बरं हाय."

असंच काहीसं कडूबाही बोलत असे. तिला वाटलं, दोघेही सरकारला भितात. ती चहा तसाच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर घागर ओढत होती. विहीर पाराच्या मागं, मधे फक्त मारुतीच्या देवळाची भिंत. पारावर कुणीतरी पेपर वाचत होता आणि इकडे मनकर्णाबाई कपडे आपटता आपटता त्याला उत्तरं देत होती. गीताबाईचा दोर हातातच राहिला. बायका पारावर चढत नाहीत, म्हणून वकिलानं विचारलं नाही आणि म्हणून तिलाही सुचलं नाही. आपल्या अकलेचा तिला भयंकर राग आला. करीच्या दिवशी तर इथं दहा जणी होत्या!

मनकर्णाबाई हो म्हणाली. रुखमाबाई सुनेला विचारून हो म्हणाली. पण त्या दोघी गीताबाईच्या भाऊबंदातल्या. सरकारी वकील म्हणणार, घरच्याच बाया आहेत. अशी एक हवी होती जिचं कडूबाशी वैर आहे. आणि त्या दिवशी तीही विहिरीवर होती, नव्या पांढऱ्या कपाळानं, भिंतीला टेकून.

सत्यभामाबाई दारातच कापूस निवडत बसली होती. गीताबाईला पाहून तिनं हात थांबवले नाहीत.

"दोन सालानं माह्या दारात आली. काय काम हाय?"

"करीच्या दिसी साहेबानं वाचलं थे तू आयकलं होतं. मले फक्त तेवढंच पाह्यजे. जे आयकलं थे कोर्टात सांग. माह्या बाजूनं बोलू नको."

"मी आयकलं ना," सत्यभामाबाई म्हणाली. "पन मग हुकूम आला, चौकीदार झोपला म्हने. मी म्हटलं, सरकार खोटं कायले लिहीन? माह्याच कानाचं खरं मानलं नाई मी." तिनं हातातला कापूस खाली ठेवला. "गीता, माहा मानूस गेला. कोनामुळं गेला थे मले पुरं समजलं पाह्यजे. तुह्या नवऱ्यामुळं गेला असंल तर मी तिथंच तसं सांगीन. चालते?"

"चालते," गीताबाई म्हणाली. तिच्या तोंडून ते चटकन निघालं आणि तिला बरं वाटलं.

तारखेला चौघी आणि कडूबा पहाटेच्या एसटीत बसले. चिखलीला गाडी बदलावी लागली. सत्यभामाबाई सगळ्या वाटेत खिडकीकडे तोंड करून बसली.

सरकारी वकील बायांना पाहून हसले. त्यांनी आधी मनकर्णाबाईला धरलं. "तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?"

"नाई जी."

"तुम्ही पारावर होता?"

"बाया पारावर चढत नाई साहेब. पारामांगं हीर हाय. गावात जे वाचलं जाते थे आमाले हिरीवर आयकू येते. कोनाच्या घरी काय शिजते थेबी तिथंच समजते."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, "दिवस कोणता होता?"

"पोळ्याची कर."

न्यायाधीशांनी शिरस्तेदाराला जुनं पंचांग काढायला लावलं. पासष्ट साली पोळा सव्वीस ऑगस्टला होता, म्हणजे कर सत्तावीसला. प्रतिज्ञापत्रातली अहवालाची तारीखही तीच. सरकारी वकिलांचं हसू जरा आवरलं.

मग सत्यभामाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. तिनं किल्ली सांगितली, नागपंचमी सांगितली, तीन वर्द्या सांगितल्या. कुठे अडली नाही. आपला माणूस त्यात मेला हेही तिनंच सांगितलं, विचारायच्या आधी.

"हे सगळं तुम्हाला यांनी घोकून घ्यायला लावलं असेल," सरकारी वकील गीताबाईकडे बोट करून म्हणाले.

"मी हिच्याशी दोन साल बोलली नाई. गावात कोनालेबी इचारा."

"मग त्या साहेबांनी दुसरंच काही वाचलं असेल. हाच अहवाल कशावरून?"

"भितीत झरोका हाय, त्यातून मले साहेब दिसत होता. थो पान पलटायच्या आधी बोट जिभीले लावे. सहा खेपा लावलं. माह्या मानसाचं मरन वाचून राह्यला अन् हा बोट चाटून राह्यला, म्हनून मले राग आल्ता. म्हनून ध्यानात हाय."

न्यायाधीश सरकारी वकिलांकडे वळले. "पाकिटातला अहवाल किती पानांचा आहे? एवढं सांगायला हरकत नसावी."

सरकारी वकिलांनी कागद चाळले, पुन्हा चाळले. "सात," ते म्हणाले. आणि लगेच जोडलं, "बाई सहा म्हणतात."

"सात पानं वाचायला सहा वेळाच पलटावं लागतं," न्यायाधीश म्हणाले आणि बराच वेळ लिहीत बसले. मग त्यांनी वर पाहिलं. मोरी का उघडली गेली नाही याची चौकशी हा काही राज्याचा गुप्त कारभार नव्हे. जो कागद खुद्द सरकारच्या अधिकाऱ्यानं गावाच्या पारावर मोठ्यानं वाचला, त्याला आता लाख लावून तो गुप्त होत नाही. दुपारच्या सुट्टीनंतर पाकीट उघडावं, आणि आत जे असेल ते सगळं वाचलं जाईल. "दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवा," ते म्हणाले, "उघडल्यावर निवडानिवड करता येणार नाही."

वामनराव बाहेर येताना जवळजवळ धावतच आले. सरकारी वकिलांनी त्यांना बाजूला घेतलं होतं. "गीताबाई, जिंकलात! ते म्हणतात, कडूबाला परत कामावर घेतो, लेखी देतो. फक्त पाकीट न उघडता परत द्या. दावा मागं घ्या."

गीताबाई काही बोलायच्या आत कडूबा म्हणाला, "घेतो. घेतला मागं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ती त्याला दंडाला धरून आवारातल्या लिंबाखाली घेऊन गेली. "काय हाय त्या पाकिटात? जे वाचलं थे सोडून काय हाय?"

कडूबा खाली बसला. "त्या साहेबानं कचेरीत गेल्यावर अहवालाले एक अर्ज टाचला. मी त्याची पेटी घेऊन गेल्तो, माह्या डोयानं पाह्यलं, साहेबानंच मले वाचून दाखोला. किसनरावानं लिहिलेला अर्ज. तलावाची मोरी उघडू नका, मळ्याले पानी पुरलं पाह्यजे, काई झालं तर जबाबदारी आमची. त्याच्याचमुळं कचेरीनं किल्ली नेली. माह्या वर्द्या गेल्या तर थे म्हनत, गावालेच नको तर तुले काय करायचं? अकरा अंगठे हायत त्याच्यावर. इंद्रभानचा हाय." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुहा हाय."

तिला आधी कळलंच नाही. मग आठवलं. आषाढात किसनरावांचा माणूस मळ्यात आला होता. बापानं दिलेला तो मळा तिच्या नावावर, म्हणून अंगठा तिचा. पाण्याचा अर्ज आहे, म्हणाला, मळ्यात पाणी राहील. मिरचीची रोपं माना टाकत होती. पारावर न्या, वाचा, असं तिनं म्हटलं नाही, अकरा जणांत कुणीच म्हटलं नाही. जावयाचं पत्रसुद्धा वाचून घेणाऱ्या गावानं पाणी म्हटल्याबरोबर अंगठे दिले.

"दोन साल तुमी हे पोटात ठेवलं? चोर होऊन गावात फिरले?"

"मंग काय करू? सत्यभामाच्या दारावरून तुले रोज जा लागते. मले झोपला म्हनले तर म्हनू दे. मी गडी मानूस, सहन करतो."

गीताबाईला त्याच्या मुस्कटात मारावी आणि त्याच्या पायावर डोकं ठेवावं, दोन्ही एकदमच वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. तिला रडू आलं ते तिनं पदरात घेतलं. नोकरी परत मिळेल. गाव म्हणेल, झोपाळू होता पण सरकारला दया आली. मरेपर्यंत तो पंगतीच्या टोकालाच बसेल, आणि तो तिथं का बसलाय हे जाणून ती त्याला वाढत राहील. हे तिच्याच्यानं होणार नव्हतं.

ती उठली आणि सत्यभामाबाईकडे गेली. सत्यभामाबाई नळाजवळ भाकरीचं फडकं सोडून बसली होती. गीताबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अर्ज, अकरा अंगठे, आपला अंगठा, इंद्रभानचाही. तिनं काही लपवलं नाही. "तू म्हनशीन तर पाकीट बंद राहीन," ती म्हणाली. "तुह्या मानसाचं नाव हाय, म्हनून तुले इचारून राह्यली."

सत्यभामाबाईनं हातातला घास तसाच खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं पुसलेही नाहीत. गीताबाईला वाटलं, ही आता ओरडेल. "तुहा अंगठा," ती म्हणाली. मग भाकरी फडक्यात बांधली. "माफ बिफ मी काई केलं नाई. पन मी इतक्या दूर आली थे समजून घ्यायले आली. उघड."

वामनरावांनी कपाळावर हात मारून घेतला. हातची नोकरी सोडताय, म्हणाले. त्या अर्जावर सरकार सगळं तुमच्याच अंगावर ढकलेल, म्हणाले. गीताबाई म्हणाली, "ढकलू द्या. मोरी कदी उघडायची थे मळेकऱ्यायनं ठरवायचं असते काय? मंग कचेरीत साहेब कायले बसवले?" वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि कोट नीट केला. कडूबानं मात्र मान वर केली नाही.

दुपारी न्यायाधीशांसमोर शिरस्तेदारानं सुरीनं मोहरा फोडल्या. लाखेचे तुकडे टेबलावर पडले. त्यानं अहवाल वाचायला घेतला, पण सरकारी वकील उभे राहिले. आता उघडलंच आहे, तर शेवटी टाचलेला अर्ज आधी वाचावा, ते म्हणाले. न्यायाधीशांनी हरकत घेतली नाही.

शिरस्तेदारानं अर्ज वाचला. काई झालं तर जबाबदारी आमची, इथपर्यंत. मग खालची नावं. इंद्रभानचं नाव आलं तेव्हा सत्यभामाबाईनं डोळे मिटले. आणखी चार नावं गेली आणि मग गीताबाईचं नाव आलं, नवऱ्याच्या नावासकट, मळ्याच्या नंबरासकट.

"ही वादीची पत्नी," सरकारी वकील म्हणाले. "जबाबदारी कुणाची, हे यांनीच लिहून दिलं आहे."

"बाई," न्यायाधीशांनी विचारलं, "हा अंगठा तुमचा आहे?"

"उत्तर द्यायची गरज नाही," वामनराव कुजबुजले.

गीताबाई उठून टेबलापर्यंत गेली. कागदावरचा तो निळा ठसा तिनं वाकून नीट पाहिला. मग मागं वळून बाकावर बसलेल्या सत्यभामाबाईकडे पाहिलं, तिच्या पलीकडे मान खाली घातलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा न्यायाधीशांकडे तोंड केलं.

"हाव साहेब, माहाच हाय," ती म्हणाली. "न वाचता देल्ला, थे चुकलं माहं. आता माह्या मानसाच्या तीन वर्द्या वाचा."